दमट बाटल्या

मॅडम : पुन्हा पिवळंच?

विद्यार्थिनी : पिवळंच. सातवी बाटली. प्लॅटिनमच्या रेणूंच्या कड्या एकमेकींवर चढल्या असत्या, तर तासाभरात द्रावण लाल झालं असतं.

मॅडम : पाच वाजता आपल्या लेखाच्या छपाईला मंजुरी द्यायची आहे. आपण छातीठोकपणे लिहिलंय, की संपूर्ण कोरड्या द्रावकात या कड्या आपण होऊन चळत रचतात. चाळीस वेळा रचली आहे!

विद्यार्थिनी : गेल्या वर्षी. या महिन्यात एकदाही नाही.

मॅडम : म्हणजे तुझंच काहीतरी चुकतंय.

विद्यार्थिनी : आठवडाभर मीही स्वतःला हेच ऐकवतेय. द्रावक तोच, भुकटी तीच, हात तेच. मग बदललं काय?

मामा : मॅडम, धुतलेल्या बाटल्या कुठं ठेवू? आता तक्रार नको हं, भट्टीतून कडकडीत वाळवून आणल्यात.

विद्यार्थिनी : आता? मग आधी कशा वाळवत होता, मामा?

मामा : फडक्यावर पालथ्या घालायचो. वर्षभर भट्टी बंद होती, अर्ज साहेबांच्या टेबलावर झोपला होता. गेल्या महिन्यात दुरुस्त झाली एकदाची.

मॅडम : म्हणजे त्या चाळीसही बाटल्या दमट होत्या?

मामा : डोळ्यांना तर कोरड्याच दिसायच्या.

विद्यार्थिनी : मॅडम, यात पाण्याचा थेंब टाकून बघू?

मॅडम : थांब. लाल झालं, तर लेख चुकीचा ठरतो. तुझी पदवी त्याच लेखावर अडली आहे, विसरलीस?

विद्यार्थिनी : विसरता आलं असतं, तर निवांत झोपले असते.

मॅडम : नाही टाकला, तर निदान आपल्याला ठाऊक नव्हतं, असं म्हणता येईल.

विद्यार्थिनी : म्हणता येईल?

मॅडम : ...टाक. सुईच्या टोकाएवढाच.

(वीस मिनिटांनंतर.)

मामा : अहो, तळाशी लाल होतंय की!

मॅडम : दिसतंय मला.

मामा : मग तुमची तोंडं का उतरलीत? जमलं ना?

विद्यार्थिनी : जमलं, मामा. म्हणून तर लेख गेला.

मॅडम : गेला नाही, थांबला. संपादकांना मी आत्ता कळवते. तुझं वर्ष वाया जाईल कदाचित. त्याचा राग माझ्यावर काढ, बाटलीवर नको. मामा, उद्या वीस बाटल्या लागतील.

मामा : भट्टीतल्या?

मॅडम : दहा भट्टीतल्या, दहा फडक्यावरच्या. आणि कोणती कुठली, ते आम्हाला सांगू नका.