चार नंबर गेटावरचा आवाज

तुम्ही मोबाईल रेकॉर्डिंगला लावलात म्हणजे तुम्हाला वाटत असंल, हा पोरगा मिमिक्री करतो, आता पिक्चरवाल्यांचे, पुढाऱ्यांचे आवाज काढून हसवंल. न्हाय हो. हसायचं असंल तर चहा प्या आन् उठा. मी सांगणार हाय ती एका गेटाची गोष्ट हाय, आन् तिच्यात मी काढलेला माणसाचा आवाज एकच.

मी नारपोलीचा. बापूस कापडाच्या लूमवर, घर लूमच्या भिंतीला लागून, फळीवरची भांडी दिवसरात नाचायची. माझी मोठी भैन, आम्ही तिला बाय बोलतो, वयानं तिशीची, मनानं चार वर्षांची, तिला बोलता येत न्हाय. त्या खटखटीत ती शांत असायची. वांधा शुक्रवारचा. शुक्रवारी लूमला सुट्टी, सगळी गल्ली गप, की बाय डोकं भिंतीवर आपटायची. मग मी तोंडानं लूम काढायचो, खट्याक-खट, खट्याक-खट, जीभ सुजायची पण ती झोपायची. शाळेत मास्तरांचे आवाज काढून मार खाल्ला तो नंतर. लोक विचारतात कुठं शिकलास, काय सांगू तुम्हाला, भैनीच्या उशाशी शिकलो.

तर हायवेला एक पाण्याचं पार्क हाय, नाव न्हाय घेत. तिथं लाटांचा तलाव, त्याचं मशीन सुरू झालं की लूमसारखंच धडधडतं. बायला एकदा नेली आन् ती हसली. ती हसते कशी हे आम्हालाच म्हायती नव्हतं, आयस तिथंच पाण्यात रडायला लागली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात एक शुक्रवार बायचा. रांगेत ती उभी राहू शकत न्हाय, माणसं अंगाला घासली की चावते. पण चार नंबरचं बाजूचं गेट होतं, असं पोर असंल तर अख्खं घर तिथनं आत, नियमच होता तसा. त्या गेटावर सिक्युरिटीला आमचा मामा, आयसचा भाऊ, अंजूर गावचा. त्याच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं, मग तो इथं शिट्टी गळ्यात घालून उभा.

मागच्या वर्षी गेलो तर बोर्ड नवा. मामा खाली बघून बोलला, भाच्या, नियम बदलले, बायबरोबर एकच माणूस, बाकीच्यांनी मेन रांगेत जायचं. आयस बोलली, अरे तिला धरायला मी लागते, आन् पाण्यात बिथरली तर लूम काढायला हा लागतो, मग ह्यातलं कुणाला बाहेर ठेवू? मामा बोलला, ताई, माझ्या हातात काय हाय, ही शिट्टी हाय. आमच्या मागं एक बाई होती, मुलगा व्हीलचेअरवर, धाकटी पोरगी कडेवर, ती विचारत होती, मी ह्याच्याबरोबर गेले तर हिनं काय एकटीनं रांग लावायची?

ऊन चढलं. बाय स्वतःचा हात चावायला लागली. मी मुतारीच्या मागं गेलो, कुल्फीवाल्याचा फोन मागितला आन् मामाला लावला. त्यांचा सिक्युरिटीचा साहेब नाकात बोलायचा, रोज नव्या नंबरावरनं फोन करायचा. मामाच्या फोनवर ऐकून काकाच्या हळदीत मी तो आवाज काढून दाखवलेला. तोच काढला. अरे गेट चार, वो लड़की को पूरी फैमिली के साथ छोड़ दे, मैं बोल रहा हूँ. मामा जरा थांबला. मग बोलला, जी साब.

बाय हसली त्या दिवशी. लाट आली की टाळ्या वाजवायची.

संध्याकाळी बाहेर आलो तर मामा फाटकाबाहेर दगडावर बसलेला, गळ्यात शिट्टी न्हाय. कॅमेऱ्यात दिसलं, साहेबानं विचारलं किसने बोला, हा बोलला आपनेही. खोटं बोलतो म्हणून काढला. मी तसाच ऑफिसात घुसलो, बोललो, साब, मैं था, आन् आवाज काढून दाखवला. साहेब हसला. आणखी दोघांना बोलावलं, बोलला, फिरसे कर. मी केला. वाटलं खूश झाला, घेईल मामाला परत. न्हाय घेतला. पाठ थोपटली, जा बोलला.

ह्या वर्षी मी गुरुवारीच एकटा बघून आलो. चार नंबरला कुलूप. बोर्डावर लिवलंय, सर्वांनी मेन गेटानेच यावे, कोणालाही सवलत नाही. नियम ते बनवतात, पण हा माझ्यामुळं झाला. ती व्हीलचेअरवाली बाई आली असंल का हो?

घरी येऊन सांगितलं. बापूस ड्युटीवर होता. बायला आयसनं अंघोळीचा टॉवेल पिशवीत भरून ठेवायला सांगितलेला, ती पिशवी छातीशी धरून बसलेली. वर्षभर मला त्यावरनं कोणी एक शब्द बोललं नव्हतं, मामासुद्धा न्हाय. त्या दिवशी आयस सुटली. बोलली, तुला काय वाटलं, त्यानं तुझा आवाज ओळखला न्हाय? हळदीत पोट धरून हसला होता तो. भाचीच्या हाताकडं बघितलं आन् जी साब बोलला मेला, आन् तू वर्षभर हुशार म्हणून फिरतोस. तोंड उघडून भांडायचं तर मुतारीमागं लपलास. काढ की आता तो आवाज. लाव फोन मामाला आन् बोल, उद्यापासनं ड्युटीवर ये. काढ ना रं. गप का?