ऊपांचा पेला

झेल्डीन: …आणि शेवटी टाळ्या! डॅडी, ऐकताय ना? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या इटालियन बाईंनी तर माझा फोटो काढला, घंटेची दोरी हातात धरलेला.

एब्राम: सीटबेल्ट लाव.

झेल्डीन: लावलाय. द्राक्षांचा मळा सोडून वीस मिनिटं झाली आणि एवढ्या वेळात तुम्ही बोललात काय, तर सीटबेल्ट लाव!

एब्राम: मागे अकरा माणसं बसलीत. गाइडनं त्यांच्याशी बोलायचं असतं, ड्रायव्हरशी नाही.

झेल्डीन: पेंगतायत सगळी. जेवायच्या आधी पाच-पाच पेले वाईन पोटात गेल्यावर काय होणार? आणि आपलं आफ्रिकान्स त्यांना कुठं कळतंय.

एब्राम: करकोचे आले बघ.

झेल्डीन: अय्या हो, माइक! — मंडळी, उठा उठा! डावीकडे, त्या कापलेल्या गव्हाच्या शेतात, निळे करकोचे! एकदा जोडी जमली की जन्मभर टिकते त्यांची. आमच्या मावशीपेक्षा बरे! — हसले, बघितलंत? तिघं तरी नक्की हसले. सुट्टी लागून तिसराच आठवडा माझा माइकवर, आणि शप्पथ सांगते, मला वाटतं मी यासाठीच जन्माला आलेय.

एब्राम: माइक बंद कर आधी. मावशीला कळेल.

झेल्डीन: आता एक बातमी. गाडी सरळ धराल ना? मेर्ल अँटींनी मला काम दिलं! आत्ताच्याच, ऊस्टरव्लेईच्या मळ्यात, पाहुण्यांचं सगळं त्याच बघतात ना. दर शनिवारी, शाळा सुरू झाली तरी. घंटा वाजवायची, पाहुण्यांची रांग लावायची, पत्र्याच्या पेल्यांतून वाईन वाटायची आणि जुन्या काळच्या गमती सांगायच्या. मी तिथंच हो म्हणून टाकलं. — डॅडी, सरळ धरा म्हटलं होतं ना!

एब्राम: खडीवर सरकते गाडी.

झेल्डीन: गाडी सरकत नाही, तुम्ही सरकताय. सकाळपासून. बरं, मला एक सांगा. चार वर्षं तुम्ही रोज या मळ्यात लोकांना आणताय आणि एकदाही आत पाऊल टाकलं नाहीत. रोज आपलं, 'इंजिन तापलंय, मी इथंच थांबतो.' गाडी बदलली, तरी नव्या गाडीचं इंजिनही तापलेलंच!

एब्राम: तापतं.

झेल्डीन: आणि आज त्यांच्या नव्या खेळाची पहिली घंटा मी काय वाजवली, तर तुम्ही धावत आलात! धावत, डॅडी. त्या दुखऱ्या गुडघ्यानं. आलात ते सरळ रांगेत, त्या उंच माणसाच्या मागे, हात असा पुढे करून. लोकांना वाटलं हासुद्धा खेळाचाच भाग आहे.

एब्राम: तुला काय वाटलं?

झेल्डीन: मला… मी हसले.

एब्राम: ते दिसलं.

झेल्डीन: डॅडी, मला खरंच कळलं नाही हो. मला वाटलं तुम्ही माझी फिरकी घेताय.

एब्राम: मलाही कळलं नाही. दार उघडं टाकून आलो होतो, चावी तशीच लटकत. घंटा कानावर पडली आणि पाय निघाले. पन्नास वर्षं झाली, पण पायांना कुणी सांगितलंच नव्हतं.

झेल्डीन: काय सांगितलं नव्हतं?

एब्राम: की आता जायचं नाही म्हणून.

झेल्डीन: कुठं?

एब्राम: पेला घेऊन. तुझ्या ऊपांचा पेला. माझा बाप तिकडे वेलींत, हातात कात्री. त्यानं कात्री खाली ठेवली की मुकादम ओरडायचा, म्हणून रांगेत आम्ही पोरं. घंटा झाली की पळायचं, वाईन भरून घ्यायची, बापाच्या तोंडाशी न्यायची. पहिली घंटा उजाडताना, शेवटची दिवस मावळताना. पाच घंटा, पाच पेले.

झेल्डीन: मेर्ल अँटी म्हणाल्या, जुन्या काळी मळ्यातल्या लोकांना दिवसभर फुकट वाईन मिळायची. मी तसंच सांगितलं सगळ्यांना. वर म्हटलं…

एब्राम: 'काय मजा असेल नाही!' ऐकलं मी. घंटेशेजारीच कर्णा लावलाय त्यांनी.

झेल्डीन: फुकट नव्हती?

एब्राम: पगारातच धरलेली असायची. आणि एकदा सवय लागली की माणूस दुसऱ्या मळ्यावर जातो कशाला? कुंपणसुद्धा लागत नाही मग.

झेल्डीन: घरी सगळे म्हणतात ऊपा छातीच्या दुखण्यानं गेले.

एब्राम: छाती सगळ्यात शेवटी गेली. आज ताट घेऊन फिरलीस ना, त्या खोलीत दुसऱ्या खिडकीखाली आमची चूल होती. ऊपा गेले त्या रविवारी. पुढच्या रविवारी आम्ही सामान घेऊन रस्त्यावर. घर काम करणाऱ्याचं असायचं. काम करणारा गेला, घर गेलं. आता तिथं उंच स्टुलांवर बसून लोक वाईन तोंडात घोळवतात आणि बादलीत थुंकतात.

झेल्डीन: मग कशाला जायचं तिथं रोज? दुसरीकडे कुठं न्या ना त्यांना!

एब्राम: कुठं? कागदावर काय छापलंय वाच. 'आफ्रिकेचं दक्षिण टोक आणि वाईनचा प्रदेश, एका दिवसात.' टोकाकडे जाणारा रस्ता या मळ्याच्या फाटकावरून जातो. वाईन काढून टाकली तर नुसतं टोक बघायला कोण येतंय? एक दगड आणि वारा.

झेल्डीन: आणि दोन समुद्रांमधली रेघ. जी नाहीच.

एब्राम: पाहुण्यांना रेघ लागते. मी रोज बोट दाखवतो, त्यांना रोज दिसते.

झेल्डीन: फोन वाजतोय तुमचा. मेर्ल अँटी… डॅडी, नका उचलू.

एब्राम: का?

झेल्डीन: गाडी चालवताय म्हणून.

एब्राम: स्पीकरवर टाक. — हं, बोल मेर्ल.

मेर्ल: कुठवर पोचलास एब्राम? ऐक, इथं गोंधळ झालाय. काचेच्या कपाटातला पेला नाहीये.

एब्राम: कुठला पेला?

मेर्ल: कुठला म्हणजे? वाटायचे सगळे नवेच रे, या खेळासाठी गेल्या महिन्यात बनवून घेतलेले. जुना खरा तो एकच, जमिनीत सापडलेला. खेळ दाखवायला म्हणून मी कपाट उघडलं होतं, लावायचं राहिलं. मालक तर पोलिसांनाच फोन करायला निघाले होते. मी म्हटलं थांबा, एब्राम आपला माणूस आहे, तो बघेल. तेव्हा टोकाला पोचलास की एकेकाच्या पिशव्या तपास. गोड बोलून, बरं का.

एब्राम: पाहुण्यांच्या पिशव्या?

मेर्ल: नाहीतर कुणाच्या? आणि तो नाही मिळाला तर उद्यापासून तुझी गाडी फाटकाशीच अडवतील. हे मी म्हणत नाहीये, मालक म्हणतायत. झेल्डीन बाळा, आहेस का? छान वाजवलीस हो घंटा. शनिवारी लवकर ये.

झेल्डीन: …हो अँटी.

एब्राम: ठेवला का तिनं?

झेल्डीन: ठेवला. डॅडी, गाडी जरा बाजूला घ्याल?

एब्राम: इथं कुठं घेऊ? दोन्हीकडे तारा आहेत. काय झालं, मळमळतंय?

झेल्डीन: पिशव्या नका तपासू कुणाच्या.

एब्राम: तपासायला लागतील, झेल्डीन. मला काय हौस…

झेल्डीन: माझ्या जॅकेटात आहे. — समोर बघा! डॅडी, समोर ट्रॅक्टर!

एब्राम: दिसलाय.

झेल्डीन: चोरायचा म्हणून नाही घेतला. मी ताट तुमच्यापुढे धरलं, तर तुम्ही ताटाकडे बघतच नव्हता. त्या कपाटाकडे बघत होता. तुमचा हात तिकडेच होता आणि बोट असं, वाकडं, वर केलेलं. मग तुम्ही एकदम वळून निघून गेलात. मला काही सुचेना. कपाट उघडं होतं, मी जॅकेटची चेन लावली आणि आले. म्हटलं, यांना हवा असेल.

एब्राम: अक्कल कुठं होती तुझी? काय केलंस कळतंय का तुला? आपल्यातल्या कुणी मळ्यातलं द्राक्ष उचललं तरी चोर, आणि तू कपाटातला पेला!

झेल्डीन: ओरडू नका, मागचे जागे झाले. — मंडळी, काही नाही, ट्रॅक्टर होता! तो लाल-पांढरा दीपस्तंभ दिसतोय ना? आलंच आपलं टोक. टोप्या घट्ट धरा, इथला वारा नेलेली टोपी परत देत नाही!

एब्राम: हसतायत का?

झेल्डीन: हसतायत.

एब्राम: बरं झालं.

(गाडी थांबते. पाहुणे उतरून वाऱ्यात वाकत टोकावरच्या दगडाकडे जातात. समोरच्या दोन सीटांवर बापलेक तसेच बसून राहतात.)

झेल्डीन: आपण उलटं जाऊ. मी स्वतः देते. सांगते मी घेतला म्हणून.

एब्राम: या माणसांना इथंच टाकून? आणि तू सांगितलंस की काय होईल? शाळेत कळेल, गावात कळेल. एब्रामची पोर. नाही. तू बोलायचं नाहीस.

झेल्डीन: मग करायचं काय? पुढे समुद्र, मागे मळा!

एब्राम: काढ बघू तो.

झेल्डीन: हा घ्या. केवढासा आहे ना? आणि फुटकाय हो. हे बघा, बुडाला भोक आहे.

एब्राम: खिळ्याएवढं.

झेल्डीन: तुम्ही न बघताच…

एब्राम: कानापाशी चेपलेला असेल. रागानं उंबऱ्यावर आपटला होता बापानं. तेव्हाच बुडाला भोक पडलं. दुसरा पेला मिळायचा नाही, म्हणून मी खालून बोट लावून पळायचो. हे बोट. तरी ओलं व्हायचंच, ते मी चोखायचो. सहा वर्षांचा होतो. बाईंना वाटायचं पोरगं आळशी आहे, वर्गात झोपतं.

झेल्डीन: म्हणून तुम्ही लग्नातसुद्धा घोटभर घेत नाही.

एब्राम: घेतली असती तर थांबलो नसतो. बापाच्या आधी माझ्या जिभेला कळायचं बॅरल कुठलं उघडलंय ते.

झेल्डीन: डॅडी. परत वाजतोय.

एब्राम: दे इकडे. नाही, स्पीकरवरच असू दे, तूही ऐक. — बोल मेर्ल.

मेर्ल: मिळाला का? मालक इथं समोर उभे आहेत, एब्राम.

एब्राम: मिळाला.

मेर्ल: देवा! कुणाकडे?

एब्राम: माझ्याकडे. माझ्या बापाचा आहे तो.

मेर्ल: काय बोलतोयस? मालक ऐकतायत रे…

एब्राम: ऐकू देत. कानापाशी चेपलाय आणि बुडाला भोक आहे. तुमच्या कपाटात तो सरळ उभा असतो, त्यामुळे तुमच्या मालकांना भोक माहीतच नसेल. विचार त्यांना.

मेर्ल: …एक मिनिट. मी बाहेर येते.

झेल्डीन: डॅडी, पेला केवढा आवळून धरलाय तुम्ही.

एब्राम: वारा आहे.

झेल्डीन: काचा बंद आहेत.

मेर्ल: एब्राम? आता एकटी आहे मी. त्यांना नाही माहीत भोकाचं.

एब्राम: तुला?

मेर्ल: मला कसं नसेल? रांगेत तुझ्या पुढे कोण असायचं? तू बोट लावून पळायचास आणि आम्ही हसायचो तुला, गळका एब्राम म्हणून. मातीतून निघाला तेव्हाच ओळखला मी. पण बोलू कुणाशी? मला अजून तीन वर्षं काढायचीत इथं. मीही मळ्याच्याच घरात राहते, बाबा. काम सुटलं की तेही सुटेल.

एब्राम: माहितीय.

मेर्ल: मग सांग, आत जाऊन काय सांगू मी त्यांना? उद्या अकराला तुझी गाडी येणार की नाही?

एब्राम: येणार. दुसरा रस्ता कुठंय मला? पण उद्या इंजिन तापणार नाही. मी आत येणार. पेला घेऊनच. त्या दुसऱ्या खिडकीखाली उभा राहून पाहुण्यांना सांगणार तो कुणाचा, आणि जाताना परत घेऊन जाणार.

मेर्ल: आणि फाटक उघडलंच नाही तर?

एब्राम: तर फाटकाबाहेर सांगीन. तिथं काही कर्णा लागत नाही.

मेर्ल: म्हातारपणी वेड लागलंय तुला. …बरं. पेला एब्रामचा निघाला, एवढंच सांगते मी. पुढचं पुढे. झेल्डीन, शनिवारचं काय बाळा?

झेल्डीन: अँटी, मी घंटा नाही वाजवणार.

मेर्ल: मग दुसरी कुणी वाजवेल, पोरी. रांगेत चौदा जणी आहेत.

झेल्डीन: असू देत.

मेर्ल: हं. चल, ठेवते.

झेल्डीन: डॅडी, खरंच अडवतील का ते उद्या?

एब्राम: अडवतील बहुतेक.

झेल्डीन: मग?

एब्राम: मग काय, जेवणाच्या डब्यात अंडी आहेत का अजून? आणि थर्मासमध्ये रॉइबोस?

झेल्डीन: अंडी संपली. चहा आहे, कोमट झालाय. तुमचा कप मागे राहिला, आणून देते.

एब्राम: कप नको. याच्यात ओत.

झेल्डीन: याच्यात? धुवून तरी…

एब्राम: ओत गं. एवढी वर्षं नुसता वाहून नेला. तोंडाला कधी लावलाच नाही.

झेल्डीन: धरा. नाही, असा नको, मला हात घालू द्या खालून. हं. सावकाश, पँटवर सांडेल. पाहुणे बघतायत इकडे, हात करतायत. रेघ विचारत असतील.

एब्राम: विचारू देत. गळतोय का?

झेल्डीन: नाही, डॅडी. खाली माझं बोट आहे.