सहा मिनिटांची चाल

हिंगोलीच्या दवाखान्यात काल एका माणसाचं वागणं मला पटलं न्हाई. त्याच्या बायकोला छातीचं जुनं दुखणं. दम किती टिकतो ते बघायला तिला बोटाला मशीन लावून सहा मिनिटं चालवायचं होतं, अन् हा गडी तिच्या पुढं पुढं चालून राहिला. मी बाकावर बसून सगळं ऐकलं.

“बाबा, तपासणी आजींची आहे. तुम्ही कशाला चालता?”

“माज्याबिगर ती पाऊल टाकत न्हाई, सिस्टर.”

“आजी, मधेच का थांबलात?”

“हे थांबले म्हणून.”

“माजा गुडघा दुखला. तिला काही न्हाई झालं. चुलीपाशी बसली की खोकती, काम टाळायला.”

“बसा तुम्ही, बाबा. आजी, एकट्या चाला, जमेल तेवढं भरभर.”

“ह्यांच्या देखत, ह्यांच्या पुढं? लाज वाटती, बाई.”

“चाल की. लोक बघून राहिले.”

ती पदर सावरून निघाली. दुसऱ्याच फेरीत भिंतीला धरून उभी राहिली.

“मशीनवर ऑक्सिजनचा आकडा किती खाली आला बघा, बाबा. असा दम कधीपासून लागतो, आजी?”

“चार वर्सं झाली.”

“मंग रोज शेतापतुर माज्या मागं कशी येती तू?”

“तुमी वाटंत कुणाशीबी बोलत थांबता. तवा मी दम घेती.”

“मला सांगितलं काहून न्हाई?”

“सांगितलं व्हतं. तुमी पुढं व्हता.”

मला राहवलं न्हाई.

“भाऊ, घरी जाताना आता तिला पुढं चालू द्या. अन् ती थांबली की तुमी गुमान थांबा.”