ओंडक्याखालून दिलेली हाक

मंडळी, एक सांगा! एकट्यानं केलेलं तप मोठं, की दहाजणांनी मिळून केलेलं काम? हं! पुरुषमंडळी म्हणतायत तप — कारण त्याला जागचं उठावं लागत नाही! हसा, हसा. पण ऐका.

कोकणातल्या एका गावात दाजी मेस्त्री नावाचे सुतार होते. हातात कला अशी, की बघत राहावं! पण सख्ख्या भावाशी, बाबलशी, सात वर्षं अबोला. कशावरून? एका करवतीवरून! "माझं कुणावाचून अडत नाही," म्हणायचे. देवळाच्या खांबासाठी लाकूड हवं होतं, तर एकटेच रानात गेले. ऐनाचं एक वाळकं झाड पाडलं, फांद्या छाटू लागले — आणि ओंडका घरंगळला तो थेट पायावर! हलता येईना.

समोर पडली होती एक फांदी. तिच्यावर वाळवीचं घर, घागरीएवढं — पडताना फुटलेलं. आतले जीव आंधळे हो! पण पळाले? नाही! कामकरी तोंडानं माती लावून भिंत सांधायला लागले. शिपाई भगदाडापुढे उभे. मुंग्या तुटून पडल्या, तरी एक मागे सरला नाही! भिंत पुरी झाली... आणि ते शिपाई बाहेरच राहिले! अहो, आपण पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी आली नाही तर रुसतो!

इतक्यात कानाशी कुरकुर. ओंडक्यातून एक भुंगेरा निघाला — मिशा अंगाच्या दुप्पट! दोन-तीन वर्षं अळी होऊन त्या काळोखात, एकटा, लाकूड पोखरत राहिलेला. दाजींनी हात जोडले. "बाबा रे, तू माझ्यासारखा!" पण भुंगेऱ्यानं मिशा हलवल्या, वास घेतला, आणि उडाला — जोडीदार शोधायला!

दाजी त्याच्याकडे बघत म्हणाले, "तो बाहेर आला. मी कधी येणार?" सगळा जीव एकवटून ओरडले, "बाबलाऽऽ!"

बाबल जवळच्याच उतारावर गुरं चारत होता; हाक त्याच्या कानी गेली. चार गडी, एक पहार घेऊन धावत आला. ओंडका उचलला. म्हणाला, "सात वर्षांत एक हाक मारली नाहीस, दादा!"

"तू तरी कुठं मारलीस?"

"मी रोज तुझ्या दारावरनं मुद्दाम खोकत जायचो रे!"

दोघं गळ्यात पडून रडले. पाय थोडा अधू राहिला, पण खांब दोघांनी मिळून घडवला.

तेव्हा मंडळी, तपही मोठं, कामही मोठं. छोटा तो फक्त आपला ताठा! तुमचा कुणाशी अबोला आहे? मान खाली घालू नका. मृदंग थांबवलाय मी. त्या माणसाचं नाव घ्या — मोठ्यानं! देवाचं नंतर घेऊ.