चार अंशांचा गॅस ब्लॉक

नाही, नाही, 'वायुरोधक' म्हणू नका, कान दुखतात माझे. गॅस ब्लॉक काहीही रोधत नाही. रायफलीच्या नळीला मध्यावर एक बारीक छिद्र असतं, त्यावर हा पोलादी ठोकळा अंगठीसारखा बसतो. गोळी पुढे गेली की थोडा वायू त्या छिद्रातून ठोकळ्यात येतो, मागे वळतो आणि पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं. हा झाला अर्थ. आता गंमत ऐका, प्रणयराव — आपल्या या ब्रिटनमध्ये आपोआप भरणाऱ्या अशा रायफलीला कायद्यानं बंदी! म्हणून इथल्या नळीला छिद्रच नाही, प्रत्येक गोळीला कडी हातानं ओढायची. आणि तुम्ही वेम्बलीहून लेस्टरला येऊन मागता काय, तर वायू कमीजास्त करायच्या स्क्रूचा ब्लॉक! काय कमीजास्त करणार? ज्या घरात नळच आलेला नाही, तिथं तोटी कोणती शोभेल, असं विचारताय तुम्ही. — हो, हो, इंटरनेटवर पाहिलात. तिथे काय नाही?

मग इथे ब्लॉक बसवायचाच कशाला? रास्त प्रश्न. — विचारला नाहीत? विचारायला हवा होतात. तर, पुढची माशी त्याच्यावर उभी असते. माशी म्हणजे नेम धरायची ती उभी काडी. म्हणून निवडताना तीनच गोष्टी पाहायच्या: आतला व्यास नळीशी जुळतो का, पकड स्क्रूची की चिमट्याची, आणि बसवल्यावर माशी सरळ उभी राहते का. तिसऱ्या गोष्टीतच अडाणी आणि जाणकार वेगळे कळतात. द्या बघू तुमची रायफल. गेल्याच आठवड्यात तुमच्या परवान्यावर चढली ना? छान. — अरेरे. अरेरे! कुठल्या महाभागानं बसवलाय हा? डावीकडे किती कललाय बघा! याला डोळे होते की नुसतीच भोकं? तुमची मान आखडते म्हणालात ना? आखडणारच! काडी तिरकी दिसली की माणूस नकळत सगळी रायफल उजवीकडे कलती करतो, वर मानही कलती करतो. असल्या माणसाला मी तर —

थांबा. हे खालच्या स्क्रूवर लाल काय आहे? — गंज नाही हो, गंज असा नसतो. हे कुंकू आहे. कुंकू ओळखतो मी. ब्लॉक घट्ट केला की स्क्रूला कुंकवाचं बोट लावल्याशिवाय रायफल हातावेगळी करत नाही इथे... म्हणजे, करत नाही एक जण.

कुणाकडून घेतलीत? — देवयानी. बरं. औषधाच्या दुकानात असते तीच ना, उंच, 'माझा रायफल' म्हणणारी? ती माझी पुतणी. तिनं विकली? मला न सांगता? — काय म्हणाली? 'आता लागणार नाही' म्हणाली?

बसा. तो स्टूल घ्या. नाही, तो घरंगळतो, हा घ्या. काय आहे, माझं हे दुकान म्हणजे आमच्याच जुन्या घराची मागची खोली. पाणसळ मी कधी वापरली नाही. पाणसळ गवंड्यानं वापरावी, माझा डोळा पुरेसा आहे, असं मी चारचौघांत म्हणत असे. रायफल टेबलावर धरायची, समोर दाराची चौकट, चौकटीशी माशी जुळवायची की झालं. अठरा वर्षं असंच. आमची शैला म्हणायची, अहो, माझं लाटणं नेहमी त्या भिंतीकडेच का पळतं? मी म्हणायचो, लाटणं नीट ठेव. तीन आठवड्यांपूर्वी घराची पाहणी करायला एक इंग्रज गृहस्थ आला. त्यानं चौकटीला यंत्र लावलं आणि हसला. मिस्टर भगवान, म्हणाला, तुमचं दार चार अंश डावीकडे झुकलंय. चार अंश! आमचा अख्खा नेमबाजी क्लब मान वाकडी करून नेम धरतो, प्रणयराव. सगळ्यांचे ब्लॉक मीच बसवलेले. दुसऱ्या क्लबांना वाटतं, यांना कमी ऐकू येतं.

पण ते नंतर कळलं. त्याच्या आधीच्याच रविवारी जिल्हा संघाची निवड होती, सहाशे यार्डांवर. देवयानीच्या रायफलीची कडी ऐन वेळी मोडली. ही बघा, नवीन बसवलीय. क्लबातल्या अंशुमननं स्वतःची दिली. त्याची नवीकोरी, दुकानातून आलेली, सरळ माशीची. सवयीनं हिनं तीही उजवीकडे कलती धरली. अंदाजाच्या पहिल्या दोन गोळ्या सात इंच उजवीकडे गेल्या. हिनं हुशारीनं हिशेब केला, नेमाची मागची खाच तेवढी डावीकडे फिरवली, पुढच्या तीन थेट दहाच्या वर्तुळात! आणि मागून कुणीतरी ओरडलं, 'देवयानी, मान सरळ!' पोरगी आज्ञाधारक. सरळ केली. गोळी डावीकडे. पुन्हा कलती, पुन्हा दहा. पुन्हा ओरडा, पुन्हा सरळ, पुन्हा डावीकडे. शेवटी तिला मान नक्की कुठे ठेवायची तेच कळेना. — ओरडणारा कोण? तुम्हाला काय करायचंय? — मीच. घ्या.

आणि वर संध्याकाळी चहाच्या वेळी, सगळ्यांदेखत, मी तिला एकाग्रतेवर व्याख्यान दिलं. पाऊण तास. ती म्हणाली, 'काका, माझी नर्व्ह गेली, सॉरी.' — तीन आठवडे. हो, तीन आठवडे मला खरं ठाऊक आहे. शैलालासुद्धा बोललो नाही. रोज म्हणायचं, उद्या सांगू. चूक कबूल करायला शब्द नेमके हवेत ना? नेमके सापडेनात. निवड समितीला एक जागा भरायची आहे, तिची पुन्हा चाचणी घ्यायला तयार आहेत, आज पाचपर्यंत होकार मागितलाय. तिनं कळवलेलं नाही. आता कळलं, का कळवलं नाही ते, रायफलच तुमच्याकडे!

किती वाजले? सव्वाचार? — तुमचा ब्लॉक? आज नाही. ही इथेच ठेवून जा, पावती देतो. तुम्हाला दुसरी शोधून देईन, सरळ माशीची, मान वाचेल. हिची कागदपत्रं पुन्हा तिच्या नावावर कशी करायची ते माझं मी बघतो. नाही, सोडायला नको, तिचं दुकान दोन बसथांब्यांवर आहे, मी चालतच जातो. नेमके शब्द नाही सापडले तर चुकीचे बोलीन. उठा, उठा आता. आणि हो, क्लबात कुणी भेटलं तर एवढं सांगा. लोक सांगतात, त्या दिवशी देवयानीचा हात थरथरला. ते चूक आहे. हात थरथरला नव्हता. एका गोळीला ती माझ्या ब्लॉकचं ऐकत होती, दुसरीला माझं.