शेवटचा बॉल कोणी टाकायचा

रोन्डा : दोन सेकंद उरले होते, ऑरिन. एका गुणाने मागे होतो. किती सुरळीत हरत होतो आपण.

ऑरिन : बास्केटबॉल टीमच्या मॅनेजरबाईंच्या तोंडी हे वाक्य शोभतं का, तूच सांग.

रोन्डा : माझ्या तोंडी शोभतं. कोचच्या तोंडी शोभणार नाही, म्हणून तुम्हाला कधी म्हणायला लावलं नाही.

ऑरिन : छे, तू कधीच नाही. तू फक्त यायचीस, दार लावून घ्यायचीस आणि म्हणायचीस, 'ऑरिन, पोरं दमलीत, आज चांगल्या दोघांना बाकावर बसवा.' डिसेंबरपासून आपली पोरं भारी दमायला लागलीत.

रोन्डा : ब्याऐंशी सामने खेळलो. काल सकाळपर्यंत एकोणीस जिंकले होते. एकोणिसावर थांबलो असतो, तर सगळ्या लीगमध्ये खालून दुसरे. जेवढे खाली, तेवढे पहिल्या निवडीच्या सोडतीच्या यंत्रात आपले चेंडू जास्त. आणि आता? वीस. खालून चौथे. शेवटच्या दिवशी, शेवटच्या बॉलला!

ऑरिन : चेंडू कमी झालेत, संपले नाहीत. सोडत ती सोडत.

रोन्डा : हे मालकांना जाऊन सांगा. तीन वर्षं मागितली होती मी त्यांच्याकडे. चांगले म्हणावेत असे सगळे खेळाडू दुसऱ्या टीमना देऊन टाकले, बदल्यात ड्राफ्टमध्ये नवी पोरं निवडायचे हक्क घेतले. टोलेडो शहरातल्या लोकांनी तीन वर्षं शिव्या घातल्या. माझा बाप काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता, आयुष्यभर या टीमची तिकिटं काढली त्याने. आता माझ्याशी बोलताना टीमचा विषय टाळतो. हे सगळं कशासाठी सोसलं? एका पोरासाठी. बेल्क या वर्षी ड्राफ्टला येतोय. सात फूट उंच, एकोणीस वर्षांचा, आणि बॉल असा हाताळतो की बघत राहावं.

ऑरिन : मला सांगतेस? मी त्याला बघायला चारदा गेलोय.

रोन्डा : मग? आपण वीस वर्षं मधल्या पायरीवर बसलो होतो. ना वर, ना खाली. मधल्या पायरीवर बसलेल्याला कोणी काही देत नाही. घर दुरुस्त होत नसेल तर पाडावं लागतं.

ऑरिन : पाडायला माझी ना नाही. पण पाडताना आत माणसं राहत होती, एवढंच.

रोन्डा : मग काल काय झालं? तुम्हाला अचानक जिंकायची हौस आली?

ऑरिन : उलट. काल मी आयुष्यात पहिल्यांदा तुझं मनापासून ऐकलं.

रोन्डा : म्हणजे?

ऑरिन : टाइमआउट घेतला. पाटीवर शेवटचा डाव काढला. आणि बॉल कोणाकडे द्यायचा म्हणून लिहिलं? कॉर्टेझ पर्डी. या मोसमात त्याने लांबून एकतीस वेळा टाकलेत. गेलेत चार.

रोन्डा : ...म्हणून पर्डी?

ऑरिन : म्हणून पर्डी. खोटं हरायला माझा हात धजेना. म्हटलं, डाव खरा आखू, फक्त माणूस चुकणारा घेऊ. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आम्हाला एकही नको होता, तर तिसरा पण दिला.

रोन्डा : हसू नका, ऑरिन. हे या खोलीबाहेर जाता कामा नये. मुद्दाम हरायचा डाव होता असं लीगच्या कानावर गेलं तर दंड सोडा, निवडीचा हक्कच काढून घेतील. आणि तुमचं कोचपद जाईल ते वेगळं.

ऑरिन : माझं वय एकसष्ट आहे. धमकी द्यायची तर जरा ताजी दे.

रोन्डा : आता भेटीला कोण आहे?

ऑरिन : तूच यादी केलीस ना? मोसम संपला की एकेकाला बोलवायचं, पंधरा मिनिटं बसवायचं, पाठ थोपटायची, निरोप द्यायचा. साडेदहाला पर्डी.

रोन्डा : देवा. मी बोलेन. तुम्ही कॉफी प्या.

पर्डी : येऊ का? दार उघडंच होतं. कोच, मॅडम, सुप्रभात. डोनट आणलेत. सगळ्यांना वाटून हे उरलेत. मधले जॅमचे कोचना ठेवा, त्यांना आवडतात.

ऑरिन : ये, पर्डी. बस. झोपलास का रात्री?

पर्डी : कसली झोप. डोळे मिटले की बॉल दिसायचा. बास्केटच्या कडीवर आपटला, वर उडाला, आणि मला वाटलं, गेला बाहेर. सवयच आहे तशी. मी तर परत फिरलो होतो. लोकांचा आवाज आला तेव्हा कळलं.

रोन्डा : अभिनंदन, कॉर्टेझ. सगळं शहर बोलतंय.

पर्डी : आमच्या गावी, सॅगिनॉमध्ये, आईच्या चर्चने हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. शेवटचा सामना म्हणून. मी खेळेन की नाही याचीच खात्री नव्हती, तरी बायका जेवणाचे डबे घेऊन बसल्या होत्या. आईचा फोन आला तर पाच मिनिटं नुसती रडत होती. मी म्हटलं, अगं बोल काहीतरी, रडायला फोन केलास का?

ऑरिन : बरी आहे ना ती?

पर्डी : आज तर ठणठणीत. मॅडम, तुमचा वेळ घेत नाही. मी दहा दिवसांच्या करारावर आलो होतो, तुम्ही तो दोनदा वाढवलात, उपकार आहेत. माझं वय बत्तीस. नऊ वर्षांत पाच देश झाले. तुर्कस्तान, फिलिपिन्स, कुठे कुठे. इथे पुन्हा कोणी बोलावेल असं वाटलं नव्हतं.

रोन्डा : तू मेहनती आहेस. ड्रेसिंग रूममध्ये तुझा सगळ्यांना आधार वाटतो. हे आम्ही पाहिलंय.

पर्डी : म्हणूनच विचारायला आलोय. पोलंडच्या एका टीमने बोलावलंय. दोन वर्षांचा करार. आज बाराच्या आत उत्तर द्यायचंय. मी एजंटला पहाटेच सांगितलं, नाही म्हणून टाक. तो म्हणाला, डोकं फिरलंय का तुझं? आधी भेट उरक, मग बोल.

रोन्डा : पोलंड चांगलं आहे.

पर्डी : चांगलं आहे, थंडी आहे, कोबी आहे. पण मॅडम, काल माझ्यासाठी डाव आखला गेला. शेवटचा. तुम्ही खेळला नाहीत कधी, तुम्हाला कसं सांगू. शाळेत शेवटचा बॉल माझ्या मोठ्या भावाचा असायचा. कॉलेजात दुसऱ्या कोणाचा. नंतर तर मी बाकावरच. माणसं पाटीभोवती उभी राहतात ना, तेव्हा मी पाणी पीत असतो, कारण माझं नाव येणार नसतं हे ठरलेलं. काल कोचनी पाटी फिरवली आणि वर माझं नाव. मी दोनदा वाचलं.

रोन्डा : हं.

पर्डी : तेव्हा वाटलं, कोणीतरी मला बघतंय इथे. टीम नव्याने बांधताय, पोरं येणार एकोणीस-वीसची, त्यांच्यात एखादा जुना हवाच. तर मी थांबतो. वचन नको. नुसतं सांगा, पुढच्या मोसमासाठी जुलैमध्ये बोलवाल असं वाटतं का?

रोन्डा : जुलैचं आत्ता कसं सांगणार? ड्राफ्ट होऊ दे, टीमची बांधणी काय ठरते बघू. दार बंद नाही, एवढं नक्की.

पर्डी : दार बंद नाही. बास, एवढंच हवं होतं. मी कळवतो एजंटला.

ऑरिन : थांब, पर्डी.

रोन्डा : ऑरिन, साडेदहा ते पावणेअकरा. पुढचा बाहेर उभा असेल.

ऑरिन : असू दे उभा. उभं राहायलाच पगार घेतो तो. पर्डी, फोन खिशात ठेव. पोलंडला जा.

पर्डी : का?

ऑरिन : जुलैमध्ये तुला कोणी बोलावणार नाही. दार बंद नाही म्हणजे काय, कडी लावायला कोणी उठलेलं नाही, एवढंच.

पर्डी : मग काल...

रोन्डा : ऑरिन, मी विनंती करते.

ऑरिन : बारा वाजता त्याचं आयुष्य ठरणार आहे, रोन्डा. मी काल पाटीवर एक खोटं लिहिलं, ते पुरे झालं. त्याच्यावर आज आणखी थर नको. पर्डी, काल तुझं नाव मी लिहिलं, कारण तू चुकवशील असं मला वाटत होतं. आम्हाला हरायचं होतं. खालून दुसरं राहायचं होतं, बेल्कसाठी. म्हणून तू.

(पर्डी फोन खिशात ठेवतो.)

पर्डी : एकतीसपैकी चार.

ऑरिन : हो.

पर्डी : आकडे मलाही येतात, कोच. रात्री एकदा मनात आलं होतं. की माझे आकडे तर हे आहेत. मग म्हटलं, गाढवा, आकडे बाजूला ठेवून बघणारं कोणीतरी भेटलंय, तर तूच कशाला आकडे काढत बसलास?

ऑरिन : मी माफी मागत नाही. मागितली तर ती तुझ्यासाठी नसेल, माझ्यासाठीच असेल.

पर्डी : मॅडम, तुम्हाला माहीत होतं?

रोन्डा : तू यायच्या आधी पाच मिनिटं कळलं. पण हरायचं ठरवलं मी. डिसेंबरपासून. राग धरायचा तर माझ्यावर धर.

पर्डी : राग धरून काय करू? तुम्हाला तो पोरगा हवाय. मी तुमच्या खुर्चीत असतो तर मलाही हवाच असता.

रोन्डा : हे बाहेर बोललास तर टीम बुडेल, कॉर्टेझ. मी धमकी देत नाही. आहे ते सांगते.

पर्डी : बाहेर काय बोलू, मॅडम? की नऊ वर्षांनी माझ्यावर शेवटचा बॉल सोपवला, कारण मी नक्की चुकवणार होतो? हे मी कोणाला सांगू? आईला?

रोन्डा : ...नाही. माझं चुकलं. हे मी विचारायलाच नको होतं.

पर्डी : गंमत सांगू? मी चुकवला असता तर तुम्ही दोघं खूश झाला असता, आणि मीही रात्रभर झोपलो असतो. नेहमीसारखा.

ऑरिन : पर्डी, बॉल तू टाकलास. ते मी आखलं नव्हतं.

पर्डी : माहीत आहे, कोच. समजूत घालू नका. आत्ता नको. मला वाईट वाटतंय, ते वाटू दे जरा.

ऑरिन : बरं.

पर्डी : बेल्क आता मिळेल?

रोन्डा : मिळेल कदाचित. नाही मिळाला तर दुसरा कोणी. असाच एकोणीस वर्षांचा.

पर्डी : जो येईल त्याला एक सांगा. त्याच्यासाठी किती हरलात ते. तुम्हीच सांगा, आणि पहिल्याच आठवड्यात. नाहीतर तो ड्रेसिंग रूममध्ये दुसऱ्या कोणाकडून ऐकेल, आणि मग तुम्ही काहीही म्हणालात तरी आधी विचार करेल, हे खरं की डाव. मी आता करतोय तसा.

रोन्डा : सांगेन.

ऑरिन : ती सांगेल. नाही सांगितलं तर मी आहे. मी असेपर्यंत.

पर्डी : फोन वाजतोय. आई आहे. घेऊ का? नाही घेतला तर दर दोन मिनिटांनी करेल.

रोन्डा : घे. आम्ही बाहेर जातो.

पर्डी : बसा हो, तुमचीच खोली आहे. हां, आई. हो, कोचच्याच खोलीत आहे... नाही गं, थांबत नाहीये इथे. पोलंडला जातो, दोन वर्षं... नाही, नाही, त्यांनी काही वाईट नाही केलं. चांगले लोक आहेत, जागाच नाहीये, त्यांना लहान पोरं घ्यायचीत... कोण विचारतंय? मिसेस हॉब्सन? त्यांना म्हणावं, बॉल आत गेला ते नुसतं नशीब नव्हतं... अगं हो, सांग ना त्यांना. चर्चमध्ये सगळ्यांना सांग. कोचनी स्वतःच्या हाताने पाटीवर माझं नाव लिहिलं होतं.