लाली लावलेला पोपट

…अन् वरून आमचे हे म्हणतात कसे, "तुझ्यासाठीच तं आणला!" आता सांगा, यावर माणसानं काय बोलावं? मी काही बोलले नाही.

तुम्हाला सांगते, मला बोलणं तसं कमीच. जन्मापासून. बाभुळगावच्या शाळेत हजेरी व्हायची, तर मी 'हजर' म्हणेपर्यंत बाई पुढच्या मुलीवर रागवत असायच्या. लग्न ठरलं तेव्हा आई घाबरत घाबरत म्हणाली, "पोरीत एकच खोट आहे बाई, ते बोलत नाही." तर सासूबाई म्हणाल्या, "याले खोट म्हणता? टाका पदरात!" झालं. टाकली. आले मारेगावात. घरात सासूबाई कांताबाई, सासरे उकंडाजी, ज्यांना मी मामाजी म्हणते, अन् आमचे हे, अश्वजित. यांचं पंपाच्या मोटरी वाइंडिंग करायचं दुकान. माणूस सोन्यासारखा आहे हो, पण सगळं जग मोटरीवरून समजून घेतो. मी आपली गप्प बसलेली असते, कारण मी गप्पच बसते! यात दुःख नाही, सुख नाही, नुसतं बसणं आहे. पण यांच्या दुकानात मोटर गप्प झाली म्हणजे ती जळालीच की नाही? मग यांना वाटलं, बायको जळाली. एकटं वाटून राह्यलं तिला. करमत नाही. मला विचारायचं ना! विचारलं असतं तर मी… जाऊ द्या, विचारलं असतं तरी मी काही बोलले नसतेच.

तर हे यवतमाळला गेले तांब्याची तार आणायला, अन् परत आले ते हातात बुटाचं खोकं. त्याला भोकं पाडलेली. "पोपट आहे," म्हणाले. सासूबाई चुलीपासून उठून आल्या, मामाजींनी चष्मा पुसला, मीही जरा पुढं झाले, अन् यांनी झाकण उघडलं.

आत काय होतं सांगू? अंगानं राखाडी. डोकं पिवळं. डोक्यावर तुरा, तोही झोपेतून उठल्यासारखा. पाठीवर अर्धे पिसं अन् अर्धे नुसते काटे. अन् दोन्ही गालांवर हे असे गोल गोल नारिंगी ठिपके!

"हा पोपट?" सासूबाईंनी विचारलं. "हिरवा रंग कुठी आहे याचा? अरे, हे तं लाली लावलेलं कबुतर आहे! तुले फसवलं रे बापा त्या दुकानवाल्यानं!"

"आई, हिरवा देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. फारेस्टवाले केस करतात. हा बाहेरदेशचा. याले कॉकटेल म्हणतात."

मामाजींनी चष्मा पुन्हा काढला. विहाराच्या कमिटीत आहेत ते, घरात पंचशील रोजचं. म्हणाले, "अश्वजित, सुरामेरयापासून, दारूपासून दूर राहीन म्हणून आपण शपथ घेतो अन् तू घरात कॉकटेल आणतं?"

मग नाव बदलायचं ठरलं. मामाजी म्हणाले, "मिलिंद ठेवा. राजा होता, हुशार होता, प्रश्न विचारे." सासूबाई उसळल्या, "मिलिंद माह्या भावाचं नाव आहे! भावाले खोक्यात टाकता माह्या?" मामाजींच्या चेहऱ्यावर असं काही आलं की हा विचार त्यांना अगदीच वाईट वाटलेला नसावा. मी पाहिलं. शेवटी नाव काही पडलंच नाही, सासूबाई त्याला, पोराला म्हणावं तसं, 'पोट्टं' म्हणू लागल्या अन् तेच राह्यलं.

आता दुकानवाल्यानं सांगितलेलं काय, "स्वतः खातो, शिट्टी मारतो, बोलतो." अन् हे पोट्टं काय करे? मान वर, चोच उघडी, अन् सगळं अंग हलवत कर्रर्र… कर्रर्र… हे म्हणाले, "बेअरिंग कोरडं पडलं." सासूबाईंनी हिरवी मिरची ठेवली. भिजवलेली हरभऱ्याची डाळ ठेवली. पेरू ठेवला. मिरचीकडे पोट्ट्यानं असं पाह्यलं, जसं मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी इथल्या रश्श्याकडे पाह्यलं होतं! अन् पुन्हा कर्रर्र. सासूबाईंचा आवाज तुम्हाला माहीत नाही, त्यांनी हाक मारली तर तीन घरं पलीकडची म्हैस वळून पाहते. त्या पोट्ट्याच्या तोंडापाशी तोंड नेऊन, "खाय! खाय म्हणतो ना! काहून खात नाही? कायले आला मग आमच्या घरी?" पोट्टं कोपऱ्यात.

मी लांबून पाहत होते. गप्प माणसाला पाहायला वेळ भरपूर असतो. मला दिसलं, की याला टोचून खाता येतच नाही. याला आई पाहिजे, वरून तोंडात देणारी. हे लहान आहे! मी यांना खुणेनं म्हटलं, फोन लावा. लावला. तिकडून दुकानवाला एकदम गोड, "हाँ भैया, थोड़ा हँडफीड बाकी रहता है ना, बच्चा है… बताया नहीं क्या?" नाही बताया बाबा! मग पावडर आली, सिरिंज आली, कोमट पाण्यात कालवून मनगटावर थेंब टाकून पाहायचा, अन् हळूच चोचीत. सासूबाईंनी दिलं तर थुंकलं. यांनी दिलं तर यांच्या शर्टावर. मी दिलं… अन् गटगट गटगट! गळ्याखालची पिशवी ही एवढी फुगली, अन् माझ्या तळहातावर बसून डोळेच मिटले हो त्यानं.

सासूबाई म्हणाल्या, "घ्या! मुक्याले मुकं बरोबर ओळखते." मी काही बोलले नाही.

मग सुरू झाली पाहायला येणाऱ्यांची रांग. शेजारच्या विमलताई सगळ्यात आधी. याच विमलताई दोन महिन्यांपूर्वी मला पाहायला आल्या होत्या. याच दारात, याच खुर्चीवर. अन् प्रश्न? तेच! शब्दही तेच! "रंग बरा आहे वं. जेवते का नीट? रात्री रडते का? अन् बोलत काहून नाही?" सासूबाईंचं उत्तरही तेच, "बोलन, बोलन. नवं आहे. रुळन हळूहळू." मी तिकडे पाण्याचे ग्लास घेऊन उभी. विमलताईंनी एकदा खोक्याकडे पाह्यलं, एकदा माझ्याकडे, अन् म्हणाल्या, "कांताबाई, तुमच्या नशिबाले दोन्ही बिनआवाजाचेच आले."

मामाजींनी हार मानली नाही. रोज सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, खोक्यासमोर हात जोडून उभे राहत, "जय भीम! बोल बाळा, जय भीम!" पोट्टं ढिम्म. सासूबाई हसायच्या तर म्हणत, "समाज जागा व्हायले किती पिढ्या लागल्या? हे तं पाखरू आहे." मला एवढं हसू आलं, पदर तोंडात कोंबून मी आत पळाले.

आता इथवर सगळं गोड होतं. पण चौदा एप्रिल जवळ आली ना!

आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या जयंतीला लेक माहेरी नेतात. भाऊ न्यायला येतो. आईनं माझ्यासाठी पांढरी साडी घेऊन ठेवली होती, निळ्या काठाची, फोनवरून काठ दाखवला होता. तुम्हाला एक गोष्ट सांगते, कोणाला सांगू नका. बाभुळगावच्या रॅलीत मी ओरडते. हो, मी! वर्षातून एकदा. मैत्रिणींच्या मधोमध, घोषणा सुरू झाली की जीव तोडून ओरडते. गर्दीत कोणाला कळत नाही ना आवाज कोणाचा ते. वर्षभराचं सगळं त्या एका संध्याकाळी बाहेर पडते, मग पुढच्या जयंतीपर्यंत मी मोकळी. यंदा तर दोन घरांचं साचलेलं होतं!

अन् आदल्या दिवशी रवी आला, माझा भाऊ, फटफटीवर. पाणी प्यायला, म्हणाला, "चाल ताई, उन्हाच्या आधी निघू."

सासूबाई म्हणाल्या, "ने ना भाऊ, तुमची लेक आहे. पण पोट्ट्याचं काय?"

रवी म्हणाला, "कोणतं पोट्टं?" त्याला खोकं दाखवलं. तो म्हणाला, "हे? याले काय, दाणे टाका!"

"दाणे खात नाही ते. हिच्याच हातचं खाते. ही गेली तं मरन ते उपाशी."

"मग संगं घेऊन जातो."

"फटफटीवर? या उन्हात? भाजी होईन त्याची!"

हे म्हणाले, "दुकानात ठेवू का?" यांच्याकडे कोणी पाह्यलंही नाही. रवी डोकं खाजवू लागला, "मग… पुढच्या वर्षी येजो ताई. काय करता आता. जयंती काय, दरवर्षी येते." अन् सासूबाईंनी मान हलवली, यांनी मान हलवली, ठरूनही गेलं हो! माझं माहेरपण गेलं एका मुठीएवढ्या पाखरापायी, अन् तेही कोणतं? माझं एकटेपण घालवायला आणलेलं! मी खोक्याजवळ उभी होते. ते माझ्याकडे पाहत होतं, चोच उघडी. त्याला टाकून जाववेना, अन् न जाता राहवेना, अन्…

"मी जाणार."

मामाजी ताडकन उठले.

"बोललं! कांता, बोललं! 'मी जाणार' म्हणते! साफ बोललं!"

"काय सांगता!" सासूबाई खोक्यावर वाकल्या. "माय वं माझी! पुन्हा बोल रे पोट्ट्या!" हे मोबाईल काढू लागले. रवीसुद्धा, माझा सख्खा भाऊ, वाकून पाहत होता! म्हणजे पाखरू बोललं यावर कोणाला क्षणभरही शंका नाही, मी बोलले असेन असं कोणाच्या डोक्यातच नाही!

"मामाजी," मी म्हटलं, "मी बोलले."

सगळे माझ्याकडे वळले. काय सांगू, वरातीतसुद्धा एवढं कोणी माझ्याकडे पाह्यलं नव्हतं. आता तोंड उघडलंच होतं म्हणून मी पुढचंही बोलून टाकलं, "मी जाणार. अन् पोट्टंही येणार. गाडी करा. सकाळी ऊन चढायच्या आधी निघू. खोक्यावर ओलं फडकं टाकू."

सासूबाई खाली बसल्या. मला वाटलं, झालं, आता म्हैस वळणार. पण त्या पदराशी चाळा करत एवढंच म्हणाल्या, एवढ्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं, "दोघंही जाता काय वं? मग मी इथी कोणाले रागवू?"

आता सांगा! यावर काय बोलावं?

"आई," मी म्हटलं, "तुम्हीही चला ना."

ते मी मनापासून म्हटलं होतं हो. पण मला वाटलं, त्या नाही म्हणतील! माणूस नाही म्हणतेच ना पहिल्यांदा! पण सासूबाई उठून उभ्याच राह्यल्या, "कवा निघायचं?"

सकाळी यांनी मित्राची गाडी आणली. मामाजी राह्यले, त्यांना इथली रॅली. रवी फटफटीवर पुढं, मागून आमची वरात. पोट्ट्याची पावडर, सिरिंज, थर्मास, फडकी, सगळं सासूबाईंनी आठवणीनं घेतलं. अन् स्वतःच्या कपड्यांची पिशवी? ती मारेगावात खाटेवर! बाभुळगावात उतरल्यावर कळलं. आता जयंतीला नेसणार काय? माझ्या आईनं एक क्षण माझ्याकडे पाह्यलं, कपाट उघडलं, अन् निळ्या काठाची पांढरी साडी काढून सासूबाईंच्या हातात ठेवली. "विहीणबाई, पहिल्यांदाच आल्या तुम्ही." मी काही बोलले नाही.

संध्याकाळी डीजे लागला. आमच्या खिडकीच्या काचा थरथरल्या अन् पोट्टं पार खोक्याच्या बुडाशी, छाती अशी धडधड धडधड. एवढ्या आवाजानं पाखराचा जीव जातो म्हणाले सगळे. कोणीतरी याला घेऊन मागच्या खोलीत बसलं पाहिजे, दारं लावून. "मी बसतो," म्हणाले हे. बिचाऱ्यांनी हातही पुढं केला, तर पोट्टं बोटाला चावलं. मग सगळ्यांनी फक्त माझ्याकडे पाह्यलं.

तर अशी माझी लग्नानंतरची पहिली जयंती. मागच्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून, मांडीवर खोकं. रॅली आमच्या गल्लीत आली. माझ्या मैत्रिणींचे आवाज मला येत होते अन् त्या सगळ्यांच्या वर, डीजेच्याही वर, एक आवाज… विचारायची गरज आहे? माझी सासू माझ्या साडीत, माझ्या आईचा हात धरून, माझ्या जागेवर उभी राहून घोषणा देत होती! अन् गल्ली तिच्या मागून उसळत होती! मग मला राहवलं नाही. बंद खोलीत, एकटीच, मीही ओरडले. एकदा. "जय भीम!" इथं गर्दी नव्हती, माझा आवाज मला चांगला ओळखू आला. पोट्ट्यानं तुरा उभा केला, माझ्याकडे नीट पाह्यलं, अन् पाठ फिरवून झोपलं.

सासूबाई परत आल्या त्या निळ्या गुलालात न्हालेल्या, डोळे चमकताहेत, अन् मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं तर आत नुसती हवा. आवाज पार बसलेला! डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस शब्द काढायचा नाही.

आता मारेगावात परत आलो आहोत. सासूबाई खाटेवर बसून हातवारे करतात, अन् दूधवाल्याशी भांडायचं मी, विमलताईंना उत्तरं द्यायची मी, म्हशीला हाकलायचं मी, पोट्ट्याला रागवायचंही मीच! कारण पाखरासमोर घर एवढं शांत राह्यलं तर ते शिकणार कसं, ही मामाजींची काळजी. दिवसभर बोलून बोलून माझा घसा धरला. अन् काल हे दुकानातून आले, दारात थांबून जरा वेळ ऐकलं, अन् खूश होऊन म्हणाले, "पाह्य! म्हटलं होतं ना, पोपट आणला की करमन तुले!"